रविवारी रुसणारा बॉयलर

गल्लीत त्याला सगळे चौकशीमास्तर म्हणत. शिंपी म्हणून मास्तर, आणि चौकशी स्वभावामुळे. बाहीचं माप घेता घेता तो गिऱ्हाइकाला विचारी, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली का? पिशवी नेहमी त्याच खांद्यावर अडकवता का? गिऱ्हाईक चिडलं तरी त्याला काही वाटत नसे, पण उत्तर मिळालं नाही तर दिवसभर चुटपुट लागून राही. बंद पडलेलं घड्याळ उघडणं, अडकलेलं कुलूप खोलणं, शेजाऱ्याचा नळ का गळतो ते शेजाऱ्याच्या आधी शोधून काढणं, हे त्याचे उद्योग. बायको म्हणायची, "लोकांच्या डोक्यात किडा असतो. तुमच्या डोक्यात वारूळ आहे."

पुढे दुकान आणि मागे घर. अगदी मागच्या बाजूला एका खोलीत लाकडांवर चालणारा बॉयलर. त्यातलं गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरायचं आणि भिंतीलगतचे लोखंडी रेडिएटर तापवायचं. थंडीच्या गावात हा बॉयलर म्हणजे घरचा जावई. रात्री त्याला विझू द्या, रोज सकाळी त्याची राख काढा, जाळी खरवडा, पाण्याच्या दाबाचा काटा बघा, मग त्याला जेवू घाला. आणि जेवणही कसं, तर सुकंच हवं. मास्तर दोन ओंडके एकमेकांवर आपटून कान देऊन ऐकायचा. ठणठण वाजले तर आत जायचे, थप्प असा आवाज आला तर पुन्हा छपराखाली रचून ठेवायचे. एवढे चोचले पुरवूनही या थंडीत जावई रुसला होता, आणि रुसायचा तो फक्त रविवारी.

सोमवार ते शनिवार तो झकास पेटायचा. रविवारी दुकान बंद असलं की ज्वाळा पिवळी, आळशी व्हायची, झाकण उघडलं की धूर तोंडावर यायचा. मास्तरला तर हे आमंत्रणच. त्याने धुराड्यात ब्रश घालून बादलीभर काजळी काढली. झाकणाच्या कडेची धूर अडवणारी दोरी झिजली का ते बघायला झाकणात कागद अडकवून ओढला, तो सुटला नाही. रेडिएटरांतली हवा सोडली. सगळं चोख होतं, तरी पुढचा रविवार आला आणि पुन्हा तेच. "देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली म्हणतात, तसं असेल त्याचं," बायको म्हणाली. मास्तर हसला नाही. त्याला खरोखरच झोप लागेना.

घरात दुसरी एक काळजी होती, आणि तिच्यात कुतूहलाला जागा नव्हती. मास्तरची आई विसरायला लागली होती. थंडी वाढली तशी मास्तरने तिला बॉयलरशेजारच्या खोलीत हलवलं, कारण घरात तीच खोली सर्वांत उबदार. आठवडाभर आई पलंगावर बसून बटणं रंगांप्रमाणे लावून ठेवायची, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचे आवाज ओळखायची, सुनेला टोमणेही मारायची. पण मधूनच एखाद्या दिवशी तिची जीभ जड व्हायची, डोकं दुखतंय म्हणायची, समोरच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारायची.

मास्तरची मोठी बहीण शहरात एका कचेरीत हिशेबनीस होती. ती दर रविवारी दुपारच्या बसने यायची आणि तिला नेमकी अशीच आई दिसायची. "ताई, रोज बरी असते गं," मास्तर म्हणायचा.

"म्हणजे मी आले की बिघडते?" ताई विचारायची. मास्तर आपल्यापासून लपवतोय, अशी तिची खात्रीच झाली होती. शेवटी तिने विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा मिळवली. येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार होती. शनिवारी संध्याकाळी आईने मास्तरचा हात धरला आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "मला तिकडे पाठवू नकोस रे." त्याने तिची चादर सारखी केली आणि तो बाहेर आला.

रविवारी सकाळी नवरा-बायको मिळून आठवड्याच्या बाजाराला जात. त्या दिवशी मास्तर म्हणाला, "तू जा. मी थांबतो." आईची पिशवी भरायची होती, पण त्याचे पाय बॉयलरकडे वळले. ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही त्यापासून पळून माणूस ज्याचं उत्तर सापडेल तिथे जाऊन बसतो, तसाच तो बसला. हातात लाकडी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला वीतभर पांढरा दोरा. बॉयलरच्या खालच्या झडपेतून आगीला हवा मिळते. हवा आत जात असेल तर दोरा आत ओढला जाणार. त्याने पट्टी झडपेसमोर धरली. दोरा सरळ खाली लोंबत राहिला. मध्येच किंचित बाहेर, त्याच्याच दिशेने हलला.

म्हणजे आगीला हवाच मिळत नव्हती. पण का? झडप तर पूर्ण उघडी होती. डोकं चालेना, कपाळ ठणकत होतं. तेवढ्यात बायको बाजारातून आली. दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून तिने दुकानाचं दार पायाने ढकलून तसंच उघडं ठेवलं. मास्तरच्या डोळ्यांसमोर दोरा वळवळला आणि टोकाने झडपेत शिरला. आतली आग घरघरत उजळली.

"तसंच थांब," तो ओरडला. "आता दार लाव." तिने लावलं. दोरा पडला. "उघड." दोरा पुन्हा आत.

त्याला सगळं एकदम दिसलं. थंडीच्या सुरुवातीला त्याने स्वतः घराच्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. आईला गारठा लागू नये म्हणून खिडक्यांच्या कडांना जाड लोकरी पट्ट्या, दारांखाली चिंध्या भरून शिवलेल्या लांब गुंडाळ्या. काम कसं, तर टीप नि टीप जुळलेली, सुई शिरायला जागा नाही. शिंप्याने घर शिवून टाकलं होतं. कामाच्या दिवशी गिऱ्हाइकं दार उघडत, आगीला श्वास मिळे. रविवारी दार बंद, आणि धुराड्यातून वर जायचं ते घरातच परतायचं.

इतकं छान कोडं सुटलं म्हणून तो आनंदाने उठला आणि त्याला भिंतीला हात टेकावा लागला, इतकं गरगरलं. मग त्याने आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. रविवारी बॉयलर. रविवारी आई. दोन कोडी नव्हतीच, एकच होतं. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

आई उशीवर कलंडली होती, गाल लाल. त्याने तिला चादरीसकट उचललं आणि दुकानाबाहेर पायरीवर आणून मांडीवर घेतलं. बायकोने खिडक्या सताड उघडल्या, बॉयलरची झडप बंद केली आणि रुग्णवाहिकेला फोन केला. ताईची गाडी आली तेव्हा भर थंडीत दोघं मायलेकरं पायरीवर बसलेली तिला दिसली.

"ताई, आईला काही झालेलं नाही. मीच कोंडलं तिला," मास्तर म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरांनी तेच सांगितलं. अर्धवट जळणाऱ्या लाकडांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो हळूहळू माणसाला गुंगवतो. आणखी काही रविवार गेले असते तर आई उठलीच नसती. गवंड्याने बाहेरून बॉयलरपर्यंत हवेची नळी बसवेपर्यंत आणि घरात गॅसची सूचना देणारं यंत्र लागेपर्यंत आग पेटवायची नाही, असं त्यांनी बजावलं. विसरणं किती वयाचं आणि किती धुराचं, ते पुढे कळेल म्हणाले.

आईच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. बाहेर बाकावर ताई बसली होती. शेजारी मास्तर शिव्या खायच्या तयारीने बसला होता.

"तुझ्याकडे आले की माझंही डोकं धरायचं," ती म्हणाली. "मळमळायचं. परतीच्या बसमध्ये बसले की थोड्या वेळात मोकळं वाटायचं. मला वाटायचं, आईला सोडून निघाले की मला बरं वाटतं. कसली मुलगी मी, असं दर वेळी मनात यायचं. म्हणून तर तिला संस्थेत ठेवायला निघाले होते. माझ्या घरी आणून तिचा कंटाळा केला असता तर?"

मास्तर तिच्याजवळ सरकला. त्याने नुसता बहिणीचा हात धरला.

संध्याकाळी मास्क काढला. आई दोघांकडे आलटून पालटून बघत होती आणि दोघांना बरोबर ओळखत होती. ताई पलंगाच्या कडेला बसली. "आई, बॉयलर दुरुस्त होईपर्यंत माझ्याकडे येतेस का?"

"येते की," आई म्हणाली. "तू कधी बोलावलंच नाहीस."