काढलेलं चाक

भर दुपार. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाचे कवडसे, जमिनीवर तेलाचे काळे डाग आणि मधोमध जॅकवर उचललेली एक जुनी गाडी. गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले. हेच आपले मिस्त्री.

तीस वर्षं गल्लीला त्यांची ओळख अशीच, पाय आधी आणि तोंड नंतर! गाडीखाली शिरण्याआधी काढलेलं चाक आडवं करून खाली सरकवायचं, हा त्यांचा नेम. जॅकनं दगा दिलाच, तर गाडी चाकावर बसेल. पण आज चाकच पंक्चर होतं आणि गाडीचा मालक ते घेऊन दुकानात गेला होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणत मिस्त्री तसेच आत शिरले.

जॅक सरकला.

गाडी छातीवर येऊन थांबली. श्वास येत होता, पण चमचाभर. नाकात ग्रीसचा वास, डोळ्यांपुढे चार बोटांवर गंजलेला पत्रा. हाक मारायला हवा लागते, आणि तीच तर नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे.

मग डबा घेऊन बायको आली.

"झोप लागली की काय? अहो!" तिनं पाय हलवला.

"गाडी... बसली."

डबा खाली आदळला. तिनं दोन्ही पाय घट्ट धरले.

"ओढू नकोस! भिंतीजवळ... दुसरा जॅक."

"मला कुठे येतं हो ते!"

"चाक काढलंय ना... तिथली जाड पट्टी. तिच्याखाली लाव. पत्र्याखाली नको. मग दांडा... वरखाली."

दांडा कुरकुरला. एकेका दाबाला गाडी नखभर उठू लागली. कितव्यातरी दाबाला मिस्त्रींना पुरता श्वास मिळाला, आणि छातीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं दांडा टाकून पुन्हा पाय धरले.

"थांब. आधी भिंतीजवळचा तो लाकडी ठोकळा. खाली सरकव."

"जीव जायची वेळ आली, तरी शिकवणी चालूच!"

"हाही जॅक सरकेल गं."

ठोकळा जड होता. तिनं तो गुडघ्यांनी रेटत रेटत पट्टीखाली नेला आणि परत पाय धरून बसली. ओढायची मात्र तिची हिंमत होईना.

मिस्त्रींनी हात लांबवून ठोकळा चाचपला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"ओढ आता. मी ओरडलो तरी थांबू नकोस."