लाल कोट आणि डावा कान

रफूवाल्या बाईंचा एकच कायदा होता: रफूत गाठ मारायची नाही. गाठ बोटाला लागते आणि चोरी पकडली जाते. ड्रायक्लीनच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीखाली बसून, त्यांनी तीस वर्षं लोकांच्या कपड्यांतली भोकं अशी गायब केली की गिऱ्हाईक स्वतःचंच भोक शोधत बसायचं.

शिंपी नवरा गेला आणि वर्षभरानं बाईंच्या डाव्या कानात शिलाई मशीन सुरू झालं. बारीक, अखंड घरघर. खरं मशीन तर घरात चादरीखाली झाकलेलं.

“दादाच आलाय, वहिनी,” सोबत राहणारी नणंद म्हणाली.

बाईंनी तिला उडवून लावलं, पण तेव्हापासून त्या डावीकडे मान वळवून बोलू लागल्या. “आज मीठ जास्त पडलं हो,” वगैरे.

मग डावं तोंड वाकडं झालं. वारं गेलं, म्हणाले सगळे. महिन्याभरात बरंचसं सावरलं, तोवर कसर लागलेला एक लाल कोट आला. बारीक काम बाई कायम उजवा डोळा मिटून करत. रफू बघत राहावं असं झालं, फक्त धागा विटकरी होता! दुकानमालकानं कोट उजेडात धरून त्यांना दाखवला. बाईंनी डावा डोळा झाकला, कोट लाल. उजवा झाकला, कोट मेलेला.

डोळा धड होता, त्यामागची नस सुजली होती. मेंदूच्या एमआरआयमध्ये आवरणावर सूज दिसली. पाठीतून पाणी काढलं, त्यात जंतू सापडले नाहीत. छातीच्या स्कॅनमध्ये मात्र गाठी निघाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी एकीचा तुकडा तपासायला पाठवला.

“क्षय नाही, कॅन्सर नाही. सार्कॉइडोसिस आहे,” त्या म्हणाल्या. “शरीराच्या राखणदार पेशी विनाकारण घोळके करून गाठी बांधतात. तुमच्या छातीत, आणि मेंदूच्या नसांवरही.”

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं,” नणंद म्हणाली.

“जन्मात एक गाठ मारली नाही हो मी,” बाई हसल्या. अर्धंच तोंड हसलं.

“कानात आवाज येतो? ऐकायची नसही सुजते यात.”

बाईंनी चक्क कानांवर हात ठेवले. “छे हो!” आवाज नसेचा ठरला की नवरा दुसऱ्यांदा जाणार, हे त्यांना पक्कं कळलं होतं. पण स्टेरॉइड घेतलं नाही तर डोळा जाणार होता, आणि गोळ्या काय डोळ्यापुरत्याच थांबतात?

गोळ्यांच्या सहाव्या आठवड्यात लाल रंग परतला. बाईंनी कोट मागवून पुन्हा रफू केला, लालाला लाल. घरी आल्या तर कान गप्प. त्या तडक मशीनकडे गेल्या, चादर ओढली आणि पायडल दाबलं.

खडाड्-खट्, खडाड्-खट्. जड, लंगडा आवाज.

“वन्सं, ह्यांचं मशीन असं वाजायचं?”

“असंच. जन्मभर.”

बाईंचा पाय थांबला. “मग इतके महिने मी बोलत होते कोणाशी?”

नणंदेनं चादर उचलून घडी घातली. बाईंची मान मात्र सवयीनं डावीकडे वळली.