सहावी पाकळी

इंजिन तापलं की आमच्या बेटावरची माणसं दोन गोष्टी करतात. गरम पाण्याचं झाकण उघडून हात भाजून घेतात, आणि मग बेलार्मिनो नाउएल्कीनला हाक मारतात. उलट क्रमानं केलं तर हात वाचेल, पण ते सुचायला डोकं लागतं.

बेलार्मिनो यायचा तो सावकाश, हात पाठीशी बांधून. लाँचच्या मागे जिथून धूर आणि पाणी बाहेर पडतं, त्या नळीखाली आधी तळहात धरायचा. "हे काय, म्हातारा झुडपाआड बसल्यागत थेंब थेंब," असं म्हणाला की समजायचं, समुद्राचं पाणी आत पोचत नाहीये. मग तो समुद्राच्या बाजूनं सुरू करून आत आत तपासत जायचा. आधी तळाची जाळी, तिथं शेवाळ अडकलंय का ते बघायला. मग नळी, मग पंप, पंपातलं सहा पाकळ्यांचं रबरी चक्र. सगळ्यात शेवटी कूलर, ज्याच्या बारीक नळ्यांतून खारं पाणी फिरून इंजिन थंड ठेवतं. चाळीस वर्षं त्यानं हा क्रम मोडला नाही. आणि पाकळी तुटलेली निघाली, तर तिचा तुकडा सापडेपर्यंत इंजिन परत बांधायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. तुटका तुकडा कुठंतरी पुढं जाऊन बसतोच.

हा दुसरा नियम त्यानं एकदाच मोडला. तोही रुपेर्तो चिग्वायसाठी, ज्याच्या मुलीचा, यानेतचा, तो धर्मपिता होता आणि ज्याच्या घरी रोज संध्याकाळी चुलीपाशी त्याची जागा ठरलेली होती.

गेल्या जूनमध्ये रुपेर्तोची लाँच तापायला लागली. आमचे सुतार लाकडी लाँचच्या तळाला पाण्यासाठी भोक पाडतात, पण त्यावर झडप बसवत नाहीत. बापजाद्यांनी बसवली नाही, मग आपण कशाला, एवढंच कारण. त्यामुळे नळी सोडायची तर लाँच मोठ्या ओहोटीला वाळूवर टेकवायची, आणि भरती यायच्या आत सगळं परत जोडायचं. उशीर झाला की समुद्र आत.

बेलार्मिनोनं पंप उघडला. दोन पाकळ्या गायब. एक नळीच्या वळणात सापडली. दुसरी काही सापडेना. राहिला होता कूलर, आणि कूलरचे बोल्ट गंजून बसले होते. एवढ्यात पाणी लाँचच्या बुडाला लागलं.

"दोस्ता, बांध आता," रुपेर्तो म्हणाला. "गेली असेल बाहेर धुराबरोबर."

"गेली असेल, आणि गेली नसेलही."

"पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी. तोवर बटाटे काय पाठीवर घेऊन दाल्काउएच्या बाजारात जाऊ? माझ्या बायकोपेक्षा जास्त काळजी करतोस तू."

बेलार्मिनो हसला. नवं चक्र बसवलं, नळ्या जोडल्या. लाँच तरंगली, मागून पाणी धो धो पडलं. पंधरा दिवसांनी कूलर उघडू, असं दोघांचं ठरलं. पण त्या ओहोटीला पाऊस होता, आणि इंजिन तर छान चाललं होतं.

जुलैत उत्तरेचा वारा सुटला आणि खाडीच्या तोंडाशी रुपेर्तोचं इंजिन बंद पडलं. लाँच खडकावर गेली. रुपेर्तो नवव्या दिवशी सापडला. लोक म्हणाले, वारा. पाद्री म्हणाले, देवाची इच्छा. बेलार्मिनो खांदा द्यायला पुढं होता, पण बोलला काहीच नाही.

अर्धी लाँच इंजिनासकट किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यानंच इंजिन गोड्या पाण्यानं धुतलं, तेल पाजलं, रुपेर्तोच्या पडवीत ठोकळ्यांवर ठेवलं. सगळं उघडून पुसलं. कूलरला मात्र हात लावला नाही. म्हणाला, नंतर बघू.

ते नंतर जानेवारीत आलं. चोवीस वर्षांच्या यानेतनं मामाकडून लाँचचा नवा सांगाडा करून घेतला होता. तिला बापाचंच इंजिन हवं होतं. तिची आई एर्मिंदा पडवीच्या दारात स्टूल टाकून बसली.

"भावजी, एकच सांगा," ती म्हणाली. "हे बंद का पडलं? वाऱ्यानं नेलं असेल, तर वारा सगळ्यांनाच आहे, पोरगी जाईल. इंजिनात खोट असेल, तर मला आधी कळू दे. तोवर मी तिला पाण्यावर पाठवणार नाही."

बेलार्मिनोनं मान हलवली. त्या दिवशी त्यानं पहिला नियमही मोडला आणि सरळ कूलरपाशी गेला. सहा महिने तो झोपेत हेच बोल्ट सोडत होता. तीन सुटले, चौथा छिन्नीनं तोडावा लागला. झाकण निघालं. नळ्यांच्या तोंडाशी वाळू आणि शेवाळाचा गोळा बसला होता. त्यानं तो बोटानं उकरला. आत काळी रबरी पाकळी आडवी अडकली होती, आणि बाकीची घाण तिच्यामागं साचली होती.

त्यानं ती मुठीत घेतली. खिसा हाताशीच होता. वारा, एवढा एक शब्द बोलला असता तर चुलीपाशी त्याची जागा जन्मभर राहिली असती. त्याला रडू येत होतं आणि रुपेर्तोचा रागही येत होता, मेलेल्या माणसाचा. त्या रागाची लाज वाटली.

"काय सापडलं?" एर्मिंदानं विचारलं.

त्यानं मूठ उघडली. "पाकळी. जूनमध्ये सापडली नव्हती, तीच. हिच्यापायी पाणी अडलं, इंजिन तापून बसलं."

"त्यांना माहीत होतं?"

"त्यानंच म्हटलं, बांध. पण मिस्त्री मी होतो, वहिनी."

एर्मिंदानं उठून जवळ येऊन तो तुकडा पाहिला. करंगळीच्या पेराएवढा होता.

"सहा महिने मी रोज सकाळी दारात उभी राहून वाऱ्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बरं वाटायचं. आता तुम्हाला कशा घालू? माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही हातावर धरलं होतंत."

त्यानं तुकडा ठोकळ्यावर ठेवला.

"इंजिन नीट होईल?"

"होईल."

"मग करा. तळाच्या भोकाला झडपही बसवा. सुतार हसले तर हसू देत. आणि काम झालं की घरी जा, भावजी. संध्याकाळचे येऊ नका."

काम अकरा दिवस चाललं. ताटली रोज यायची, बटाट्याचा मिलकाओ आणि धुरवलेले शिंपले, पण पडवीच्या उंबऱ्यावर ठेवलेली. आतून कुणी बोलवत नव्हतं. बाराव्या दिवशी लाँच पाण्यात ढकलली. यानेतनं इंजिन सुरू केलं. बेलार्मिनो गुडघाभर पाण्यात मागे उभा राहिला आणि सवयीनं नळीखाली हात धरला. पाणी धो धो पडत होतं, कोमट, जसं पडायला हवं तसं.

"बरंय ना, बाबा?" यानेतनं वरून विचारलं. धर्मपित्याला ती लहानपणापासून बाबाच म्हणायची. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"बरंय," तो म्हणाला, आणि हात तसाच धरून उभा राहिला.