आपल्या लोकांतले मामा

आमच्या हिच्या मामांइतका रागावलेला माणूस अख्ख्या दुबईत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला मामांनीच रागवायला लावलेलं असेल. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत ते कशावर ना कशावर चिडलेले असतात. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात दार बंद होत असल्याचं सांगते. मामा रोज तिला उत्तर देतात. "दिसतंय मला! आंधळा नाही!" नळ दुरुस्त करणारा मिस्त्री फोनवर "इन्शाल्ला चाचा, शामको" म्हणाला, की मामा म्हणतात, "ऊपरवाला उसका काम करेगा, तू तेरा पाना लेके आ." मिस्त्री येतो, नळ दुरुस्त होतो, मामा त्याला बळेच चहा पाजतात आणि चहात साखर कमी झाली म्हणून स्वतःवरच चिडतात. एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की रक्तदाब सांभाळा, राग कमी करा. मामा म्हणाले, "मग तुमच्याकडे दीड तास का बसवून ठेवलंत?" डॉक्टरांचाच रक्तदाब तपासायची वेळ आली होती.

मामा मूळचे चिपळूणचे. फरशा आणि बाथरूमच्या सामानाच्या व्यापारात त्यांची उभी हयात इथेच गेली. आता धंदा मुलाच्या हाती दिलाय आणि ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. व्यापार सुटला, पण व्यापारातली एक खोड सुटली नाही. मामा कुठलीही चौकशी एकदाच करत नाहीत. आधी स्वतः जाऊन विचारतात आणि मग त्याच दुकानात, त्याच वस्तूसाठी, ओळख न दाखवता दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. दोघांना एकच उत्तर मिळालं तर दुकानदार सरळ. वेगळं मिळालं तर मामा परत जातात, आणि मग त्या दुकानदाराची संध्याकाळ फुकट जाते. फरशांच्या धंद्यात ह्याला अक्कल म्हणतात, पण मामा हे आंब्यांच्या बाबतीत करतात, चष्म्याच्या बाबतीत करतात. आमच्या लग्नाच्या आधी माझी चौकशीसुद्धा त्यांनी अशीच दोनदा करवली होती. दोन्ही उत्तरं सारखी आली म्हणून मी आज ह्या घरात आहे.

दर शनिवारी सकाळी मामांच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरतो. बिल्डिंगमधली मराठी मुलं घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देतात, ह्याचा मामांना जो संताप आहे, त्यातून हा वर्ग जन्माला आला. वर्गात पाढे, गोष्टी आणि पोह्यांची बशी असते. जो इंग्रजी बोलेल त्याने फ्रिजकडे तोंड करून उभं राहायचं. पहिल्या महिन्यात तर पोरांपेक्षा जास्त ओळख त्या फ्रिजशीच झाली होती. मामांचं दार गर्मी असो वा नसो, सताड उघडं असतं, आणि समोरच्या फ्लॅटच्या दारात एक सात वर्षांची मुलगी उभी राहून हे सगळं बघत असायची. तिचं नाव ब्लेसिंग. माणसं नायजेरियाची. बाप ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून माल उचलून लागोसला पाठवतो, आई आमच्याच गल्लीत केस विणायच्या पार्लरमध्ये काम करते. एका शनिवारी मामा ओरडले, "बघत काय उभी राहिलीस? आत ये, पंखा लावलाय!" तिला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. ती आत आली, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

दोन-तीन आयांना हे रुचलं नाही. "मामा, ती कशाला मराठीच्या वर्गात? तिला मराठी येत नाही," एक जण म्हणाली. मामा म्हणाले, "येत नाही म्हणूनच! येणाऱ्यांना मी काय शिकवू?" त्या बाईंनी मुलगाच वर्गातून काढून घेतला. कारण सांगितलं पोहण्याच्या क्लासचं. मी तेव्हाही चडफडलो होतो. आम्ही इथे येऊन भाड्याचं घर शोधतो तेव्हा "तुमच्या लोकांना देत नाही" असं कुणी म्हटलं तर महिनाभर घरोघर सांगत फिरतो, आणि आमच्याच हॉलमध्ये कुणाचं पोर पोहे खायला बसलं तर आमच्या कपाळाला आठ्या. मामांनी मात्र त्या पोहणाऱ्या मुलाच्या वाटचे पोहे ब्लेसिंगला वाढले आणि म्हणाले, "बे एके बे म्हण."

ती म्हणाली. बे दुणे चार म्हणाली, बे त्रिक सहा म्हणाली, आणि वर्षभरात आमच्या पोरांना मागे टाकून बाराच्या पाढ्यावर गेली. फक्त तिचं सगळं मराठी मामांकडून आलेलं असल्यामुळे ते रागाचंच मराठी होतं. तिला "कृपया" हा शब्द माहीत नव्हता, पण "हे असं चालणार नाही" हे वाक्य ती इतकं ठसक्यात म्हणायची, की आमच्या बिल्डिंगचा वॉचमन उठून उभा राहायचा. एकदा ही तिला लाडू देत होती तर ब्लेसिंगने एकच लाडू बघून विचारलं, "काय चाललंय काय?" मामांना त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं. मग हसलो म्हणून जरा वेळ चिडले.

ब्लेसिंग ज्या छोट्या शाळेत जात होती ती बंद पडली. जवळची, परवडणारी अशी एकच शाळा होती आणि ती आपल्या भारतीय लोकांची. ब्लेसिंगची आई तिथे जाऊन आली. जागा नाही, म्हणाले. नाव यादीत घालतो, म्हणाले. पुन्हा गेली, पुन्हा तेच. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होण्याआधी प्रवेश मिळाला नाही तर पोरीला गावी आजीकडे पाठवायचं, असं नवराबायकोंचं ठरलं. इथल्या कितीतरी घरांत असंच होतं, पोर तिकडे वाढतं, आईबाप इकडे कमावतात आणि रोज फोनच्या पडद्यावर एकमेकांना बघतात. ब्लेसिंगने हे मामांना पाढा म्हणता म्हणता मध्येच सांगितलं. मामांनी पाढा थांबवला.

त्यांनी आमच्या हिला बोलावलं आणि म्हणाले, "त्या शाळेत फोन लाव. दुसरीत मुलीला घालायचंय म्हण." आम्हाला मुलगी नाही. ही म्हणाली, "मामा, अहो, हे काय फरशांचं दुकान आहे का?" पण मामांपुढे कुणाचं चाललंय! तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आडनावासकट नाव सांगितलं. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "यस मॅडम, सीट्स आर अव्हेलेबल. उद्याच या ना." त्याच आठवड्यात, त्याच दुसरीत.

मला वाटलं, आता मामांचा स्फोट होणार. झाला नाही. ते उठले, चपला अडकवल्या आणि थेट पार्लरमध्ये गेले. मी मागे. ब्लेसिंगची आई एका बाईचे केस विणत होती. मामांनी आपल्या फरशा विकायच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. बट ओढून घेत ती म्हणाली, "अंकल, यू आर सरप्राइज्ड. आय ॲम नॉट."

शाळेत जायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की बोलणार ती, मामांनी तोंड उघडायचं नाही. तिला भांडण नको होतं, मुलीला जागा हवी होती. मामांनी कबूल केलं. मी गाडी चालवत होतो आणि मामा शेजारी तोंडात वेलदोडा धरून बसले होते. रस्त्यात एका लेक्ससवाल्याने आम्हाला आडवी गाडी घातली, तरी मामा बोलले नाहीत. मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

काउंटरवरची बाई चाळिशीची, नीटनेटकी होती. ब्लेसिंगच्या आईला बघून तिने कॉम्प्युटरकडे न बघताच "सॉरी मॅडम, फुल" म्हटलं. तेवढ्यात वेलदोडा मामांच्या घशात अडकला आणि ते मला म्हणाले, "पाणी दे रे." बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"अय्या, काका, तुम्ही मराठी? कुठले तुम्ही?"

"चिपळूण," मामा म्हणाले. एवढं तरी बोलावंच लागलं.

"मी नाशिकची. ह्यांच्याबरोबर आलात का? ओळखीच्या आहेत?" मग ती पुढे वाकली, आवाज खाली आणला, आणि आपल्याच माणसाशी बोलतोय अशा विश्वासाने मराठीत म्हणाली, "तुम्ही आपले म्हणून सांगते हो काका. जागा आहेत. पण ह्यांची मुलं वर्गात असली की आपल्या लोकांना आवडत नाही. पालक तक्रारी करतात. तुम्ही समजू शकता. तुम्हीच त्यांना सांगा ना, दुसरीकडे बघा म्हणून. मला असं तोंडावर बोलायला बरं वाटत नाही."

मी ब्लेसिंगकडे बघितलं. ती आईचं बोट धरून उभी होती आणि बाईंकडे टक लावून बघत होती. मग तिने मामांचा शर्ट ओढला.

"मामा, जागा आहेत?" ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "आईला नाही म्हणाली ही." आणि थोडं थांबून, "कुणाला आवडत नाही?"

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्या मामांनी ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्यांनी ब्लेसिंगच्या आईकडे बघितलं. तिला शब्द कळले नव्हते, पण मुलीचा चेहरा कळला होता. "टेल मी व्हॉट शी सेड," ती म्हणाली.

अट तिनेच मोडली होती. मामा उभे राहिले आणि सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी भाषांतर केलं. "मॅडम सेज, सीट इज देअर! मॅडम सेज, अवर पीपल नॉट लायकिंग युवर चाइल्ड! दॅट्स व्हाय फुल!" खुर्च्यांवर बसलेल्या आमच्या लोकांनी माना खाली घालून मोबाइल काढले. "अवर पीपल! आय ॲम अवर पीपल! आय ॲम लायकिंग! आय ॲम लायकिंग व्हेरी मच!" त्यांचा आवाज चिरकला. मी हसलो नाही. आजही हे आठवलं की मला हसू येत नाही, राग येतो, त्या बाईपेक्षा जास्त त्या खाली घातलेल्या मानांचा.

आतून मुख्याध्यापिका आल्या. काहीतरी गैरसमज झाला, असं म्हणाल्या. पाच मिनिटांत जागा सापडली. ब्लेसिंगच्या आईने पिशवीतून कागद काढून एकेक करून शांतपणे काउंटरवर ठेवले. तिने कुणाचे आभार मानले नाहीत आणि कुणाला काही सुनावलंही नाही.

गाडीत बसल्यावर मामा फुटले. "घ्यायचीच नाही ती सीट! तोंडावर फेकायची त्यांच्या! इथे कायदा आहे, मी तक्रार करतो, सोडत नाही!" हे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असं तिन्ही भाषांत झालं. मागच्या सीटवरून ती आपल्या संथ इंग्रजीत बोलली. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली, "अंकल, तुम्ही आज माझ्या बाजूने ओरडलात, ते मी विसरणार नाही. पण तुमचा राग आता तुमच्याबरोबर घरी जाईल. माझी मुलगी रोज सकाळी त्याच दारातून आत जाणार आहे. मला विचारल्याशिवाय तक्रार करू नका." मामांनी मान हलवली.

ब्लेसिंग आता त्या शाळेत तिसरीत आहे. गणितात पहिली येते. आजीकडे फक्त सुट्टीत जाते. वर्गात तिला दोन मैत्रिणी आहेत, त्यातली एक कोल्हापूरची. सगळं बरं चाललंय असं आम्ही एकमेकांना सांगतो.

फक्त एक झालंय. ते आधी हिच्या लक्षात आलं. लिफ्टमध्ये, दुकानात, बसस्टॉपवर कुणी आपल्यात मराठीत बोलायला लागलं, की ब्लेसिंगची बडबड थांबते. ती हलत नाही, वर बघत नाही, नुसती कान देऊन ऐकत राहते. ते बोलणं भाजीचं असतं, नाहीतर कुणाच्या गुडघ्याचं. पण ते संपून माणसं निघून जाईपर्यंत ती ऐकते आणि मगच पुन्हा बोलायला लागते.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माहितीय मला." हल्ली ब्लेसिंग बरोबर असताना लिफ्टमध्ये कुणी मराठी माणूस शिरला, की त्याने तोंड उघडायच्या आत मामाच जोरजोरात बोलायला लागतात. पापलेट किती बारीक आलंय, सुरमई कशी शिळी देतात, चिपळूणच्या बाजारात असला मासा मांजरानेही हुंगला नसता, असं काहीही, न थांबता, त्यांचा मजला येईपर्यंत. बिचारी माणसं कानांत बोटं घालतात. पूर्वी मी त्यांना म्हणायचो, मामा, जरा हळू. आता नाही म्हणत.