भिंतीवरचा एक निरोप

आमच्या अक्षरवाल्या बाई चित्रकथेच्या फुग्यांतला मजकूर हाताने लिहितात. तीस वर्षांत त्यांचा एक काना वाकडा गेलेला नाही. चित्रं माझी. ती पाहून त्या फार तर 'चालतील' म्हणतात, म्हणून मीही त्यांच्याशी जपूनच बोलतो.

यंदा अणुबॉम्बचा इतिहास चित्रांतून सांगायचं काम आलं. संपादकांचा नियम एकच, पुरावा नसेल ते पानावर येणार नाही. एका पानावर बॉम्ब पडल्यानंतरची शाळेची भिंत होती. वाचलेल्यांनी हरवलेल्यांसाठी तिच्यावर निरोप लिहून ठेवले होते. त्यातले जे मिळाले ते बाईंना दिले, आणि उरलेल्या जागेत नुसत्या रेघोट्या ओढायला सांगितल्या. पण बाईंच्या हाताला रेघोट्या कुठल्या जमायला!

पान तपासताना मी भिंग लावलं. एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दादा, घर तेच आहे. दाराला आतून कडी लावत नाही.'

बाईंचा मोठा भाऊ एकतीस वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून गेला, तो गेलाच. चित्रांच्या पुस्तकांशिवाय तो कशाला हात लावायचा नाही. बाई या धंद्यात का आल्या ते मला तेव्हा कळलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "भिंगाशिवाय कोणाला दिसतंय?"

"त्याला दिसेल. तो पान नाकाला लावून वाचतो." बाईंनी ब्लेड काढलं. "पण भिंत त्यांची आहे. त्यांची माणसं जळून गेली. माझं माणूस नुसतं रुसलंय."

त्यांनी एकेक अक्षर खरवडलं. मी उगाच ब्रश धूत बसलो.

शेवटी श्रेयाचं पान लिहायची वेळ आली. बाई स्वतःचं नाव कधीच घालत नसत. या वेळी त्यांनी माझ्या नावाखाली ठळक लिहिलं, 'अक्षरं: टिटवी'.

संपादकांनी चष्मा वर सरकवला. "ही कोण आता? नियम माहीत आहे ना? पुरावा काय?"

"टिटवी म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "पण तशी हाक मारणारा एकच आहे. पुरावा द्यायला त्यालाच यावं लागेल."