रोह्याची वाट, सईची खुर्ची आणि सदऱ्यांची गोधडी

पाणी भरून झालं, भाकऱ्या थापून झाल्या, धुणं वाळत पडलं. मग मी दोरीवरची गोधडी काढून झटकली. ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची, नातीसाठी शिवलेली. ह्यांना जाऊन वर्ष झालं. सई सात महिन्यांची, तिला त्यांनी पाहिलं नाही. आज ती पहिल्यांदाच रोह्याला, ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे निघाली होती. ह्यांच्या कापडात गुंडाळून जावी, एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्याकडे तान्हं मूल उघडं बाहेर नेत नाहीत. पेणला रामवाडीत गाडी दारात होती. मी सईला गोधडीत गच्च बांधून मागच्या सीटवरच्या तिच्या खुर्चीत बसवलं आणि वरून पट्टे लावले. माझ्या लेकीने, मनीषाने, पट्ट्याखाली हात घातला. तो आरपार गेला.

“आई, गोधडी दबते. धक्का बसला की पट्टा ढिला, आणि सई बाहेर.”

तिने गोधडी काढली, पट्टे अंगासरशी ओढले, खांद्याशी पट्टा चिमटीत येत नाही ना ते पाहिलं. गोधडी वरून पांघरावी तर ती पार नाकापर्यंत जात होती. मी सईशेजारी मागेच बसले, तर शेवटी घडी करून माझ्या मांडीवर दिली. मनाला लागलं.

वडखळपर्यंत ट्रकच ट्रक. लवकर निघालात तर बरं. नागोठण्याहून रोह्याकडे वळलं की शेतं, खिंडीतली वळणं, शांतता. निडीजवळ सई रडायला लागली.

“घेऊ मांडीवर? दोनच मिनिटं.”

“नाय. थांबूया.”

झाडाखाली गाडी लावून मनीषाने तिला पाजलं, खांद्यावर घेऊन फिरवलं, मग पुन्हा सगळे पट्टे. हातांना जराही घाई नव्हती. मी बघत राहिले. तान्ह्याला घेऊन जाणार असाल तर असे थांबे धरूनच निघा.

रोह्यात वन्सं दारातच उभ्या. “काय गो, पोरीला बांधून आणलीस? चोर हाय काय ती?”

“चोर नाय आत्या, मालकीण हाय. म्हणून तर वेगळी खुर्ची,” मनीषा म्हणाली.

वन्सं हसल्या. वालाचं बिरडं वाढून झाल्यावर गोधडीवरून हात फिरवत बसल्या. “ह्यो निळा सदरा मीच घेतला होता त्याला.”

परतताना कोलाडवरून आलो. वाट लांबची, पण चहा-भजी गरम मिळतात. कोलाड सोडलं आणि एक मोटारसायकल एकदम आडवी आली. मनीषाने करकचून ब्रेक दाबला. माझा पट्टा खांद्यात रुतला. गोधडी मी दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती मांडीवरून सुटून पुढच्या सीटवर आपटली. सई जागच्या जागी. डोळे उघडले, परत मिटले.

मनीषाने गाडी कडेला घेतली.

रोह्याचं जेवण, खिंडीतली हवा, सगळं छान होतं. पण घरी येऊन आठवत राहिले ते माझे रिकामे झालेले हात.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेतली, निळा सदरा मधोमध राखून गोधडी पट्ट्यांवरून पांघरता येईल अशी, सईच्या पायांपुरती कापली आणि कडा शिवल्या.