आप्पासोंची पुरलेली बाटली

"लोकं सोनं पुरत्यात, आमच्या आप्पासोनं दारू पुरलीया," असे आष्ट्यातले त्यांचे शेजारी म्हणत. ऐकणारा हसला की त्यात भर पडे, "आन् पीत न्हाई. नुसती राखण करतोय."

यात खोटे फारसे काही नव्हते. आप्पासोंच्या परसात शाळू ज्वारी साठवण्याचे जुने पेव होते. वर दगडी झाकण आणि खाली माणूस उभा राहील एवढा काळोखा गारवा. शाळू पोत्यांत आणि पोती पत्र्याच्या खोलीत गेल्यापासून पेव रिकामेच होते. त्याच्या तळाशी वाळूत एक बाटली आडवी निजली होती.

आप्पासोंचे वडील आटपाडीकडून मेंढरांमागे आले आणि इथेच मुरले. मेंढरे गेली, रान आले. त्या रानात आप्पासोंनी एका वाइन कारखान्याशी करार करून शिराज द्राक्षांची बाग लावली. काळी, बारीक, बियांची ती द्राक्षे खायला इतकी बेचव की पोरेसुद्धा चोरत नसत. पहिल्या हंगामानंतर कारखान्याने प्रत्येक बागायतदाराला त्याच्याच द्राक्षांची एक बाटली दिली आणि तिथल्या साहेबांनी सांगितले, "गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. दहा वर्षांनी खरी चव येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या धनाजींनी आपली बाटली परतीच्या वाटेवर सोडा घालून संपवली. आप्पासो मात्र खताच्या पिशवीवरच्या सूचनाही चष्मा लावून वाचणारे. त्यांनी साहेबांनी सांगितले तसेच केले.

पुढे करार संपला. बाग उपटली गेली, ऊस लागला. आपल्या द्राक्षांचे शेवटी काय झाले, हे आप्पासोंनी कधी चाखलेच नव्हते. ते आता त्या एका बाटलीत होते, किंवा कदाचित नव्हतेही. "आंबून शिरका झाला आसंल त्याचा," असे धनाजी म्हणाले की आप्पासो परसात जाऊन पेवाचे झाकण नीट बसवून येत.

दहा वर्षे केव्हाच उलटली; अखेर बाटली वर आली ती मुलामुळे. जयराजला परसात गाडीसाठी शेड हवी होती आणि पेव बुजवणे भाग होते. आप्पासोंनी होकार दिला, पण बाटलीला साजेसे जेवण व्हावे अशी अट घातली. साहेब तेव्हा म्हणाले होते, अशा वाइनसोबत शिकारीचे मांस हवे. आप्पासोंचे आजोबा कुत्री घेऊन माळावर सशांमागे धावत, परंतु आता त्याला बंदी आहे. तेव्हा शिकार पिंजऱ्यातून आली. मोहिद्दीन हे आप्पासोंचे शाळासोबती. लावे पक्षी पाळतात आणि रांधतातही.

"तिखट बेतानं घाल," आप्पासोंनी सांगितले. "तिखटानं वाइन मरती म्हनं."

"आप्पा, लाव्याला तिखट न्हाई म्हंजे दवाखान्यातलं जेवान झालं," मोहिद्दीन म्हणाले. "मी काय ती पिनार न्हाई. मग माझ्या जिभंला ही शिक्षा का?" तरीही त्यांनी लसूण, मिरी आणि भाजलेले खोबरे एवढेच लावून लावे निखाऱ्यावर धरले. स्वतःसाठी ठेचा वेगळा कुटला.

पेवाचे झाकण आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. बंद पेवातल्या कोंदलेल्या हवेत एकदम उतरलेला माणूस वर येत नाही, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. दोरीला बांधून कंदील खाली सोडला. तो तेवत राहिला तेव्हाच जयराज उतरला. बाटली वर आली. लेबल ओलीने खाल्ले होते आणि बूच काढताना अर्धे आतच तुटले. आप्पासोंच्या पत्नी रंगुबाईंनी चहाची गाळणी धुऊन आणली आणि वाइन काचेच्या बरणीत गाळली. त्याच बरणीत एरवी लिंबाचे लोणचे असे. ती त्यांनी तीनदा घासली होती. नवऱ्याची थट्टा त्यांनीही वर्षानुवर्षे केली होती, पण आज बरणी हुंगून पाहिली ती त्यांनीच.

जेवायला आलेल्या धनाजींनी पेला पुढे केला. आप्पासोंनी तो बाजूला सारला.

"थांब. तिला जरा वारं लागू दे."

"वारं? घेरी आलीया व्हय रं तिला?"

"पेवात उतरताना थांबतोस न्हवं? तसंच हितं थांब."

"पेवात जीव जातोय, गड्या. हितं तहान लागलीया."

"आवं, द्या की त्यास्नी," रंगुबाई म्हणाल्या. "लावं गार व्हाय लागलं."

शेवटी आप्पासोंनी ओतली. रंग विटेसारखा झाला होता, कडेला किंचित पिवळा. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मोहिद्दीनचा घास हातातच राहिला. रंगुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. आप्पासोंनी लाव्याची तंगडी तोडली, चावली आणि दुसरा घोट घेतला.

"शिरका?" रंगुबाईंनी हळूच विचारले.

आप्पासोंनी नकारार्थी मान हलवली आणि पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. "तुरट हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बागंत छाटनी केल्यावर हाताला यायचा, तसा वास हाय." आणि भाकरी करायला उठून गेल्या.

धनाजींनी मात्र तोंड वाकडे केले. काढ्यासारखी लागते, ना गोड ना जहाल, एवढी वर्षे राखून काय मिळवलेस, असे बरेच काही ते बोलले. बोलता बोलता पेला रिकामा झाला. त्यांनी तो पुन्हा बरणीपुढे धरला आणि म्हणाले, "सोडा हाय का रं? नुसती काय जात न्हाई."

आप्पासोंनी बरणी स्वतःकडे ओढून घेतली.

"ही माझ्या रानाची चव हाय. तुझ्या रानाची तू रस्त्यात मुतून आलास. आवडली नसंल तर पेला पालथा घाल आन् लावं खा."